ज्या गाडीच्या नावातच गॅरेज आहे

पुण्यात कुणी ‘एम. जी.’ म्हटलं की कॅम्पातला रस्ता डोळ्यांसमोर येतो, ईदच्या आधीच्या आठवड्यात जिथे पाय ठेवायला जागा नसते तो. हल्लीच्या मुलांना विचारलंत तर ती हेक्टर नावाच्या उंच गाडीकडे बोट दाखवतील. गुजरातेत हालोलला बनणाऱ्या या गाड्यांवरचं ब्रिटिश नाव आता एका चिनी कंपनीच्या मालकीचं आहे, हे त्यांना ठाऊक असतं किंवा नसतं. आमच्या घरात मात्र एम. जी. म्हणजे तिसरीच गोष्ट होती. मामूंच्या तोंडी तिचं नाव ‘मिजेट’. दोन माणसांची गाडी, दरवाजे इतके खाली कापलेले की बसल्या जागेवरून हात रस्त्यापर्यंत जावा, वर कापडी टप, आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना वाटीसारखे दिवे.

मामू नाना पेठेतल्या एका गॅरेजात फिटर होते. नाना पेठ म्हणजे पुण्याचा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. तिथे बाराव्या वर्षी ते रॉकेलमध्ये पाने धुवायला लागले आणि साठी उलटेपर्यंत त्यांच्या नखांतला काळा रंग काही गेला नाही. मिजेट कॅम्पातल्या एका पारशी कुटुंबाची होती. १९७० च्या दशकात ती वर्षातून दोनदा तरी मामूंकडे यायची. कधी स्वतःच्या पायांनी, बहुतेकदा टेम्पोच्या मागे दोराने बांधून.

गेल्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात मला ती पुन्हा भेटली. लाल रंग असा की त्यात स्वतःचा चेहरा दिसावा. नवं चामडं, नवा टप, क्रोमचा लखलखाट. पुढे एक फलक होता: १९५१ सालची एम. जी. टी. डी., अ‍ॅबिंग्डन इथे तयार झालेली, संपूर्ण जीर्णोद्धार केलेली, शंभर टक्के मूळ स्वरूपात. खाली आताच्या मालकांचं नाव आणि ज्या कार्यशाळेने काम केलं तिचं. मालक भले गृहस्थ निघाले. गाडी कोणत्या कुटुंबाकडून घेतली ते त्यांनी सांगितलं आणि मी चमकलो. ही तीच. पण फलकावर १९५१ नंतर एकदम आज उजाडलं होतं. मधली सत्तर वर्षं गाडी काय झोपली होती?

हा लेख त्या सत्तर वर्षांबद्दल आहे. पण सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल, कारण तिथल्या गोष्टीत एक गंमत आहे.

विल्यम मॉरिस १८७७ साली जन्मला. पुढे हा माणूस लॉर्ड नफिल्ड झाला, इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत लोकांत गणला गेला. पण त्याची सुरुवात झाली ती सोळाव्या वर्षी ऑक्सफर्डमध्ये, आईवडिलांच्या घरात, चार पौंडांच्या भांडवलावर सायकली दुरुस्त करण्यापासून. पुण्याच्या माणसाला हे चित्र अनोळखी नाही. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या या गावात अशी सोळा वर्षांची पोरं गल्लोगल्ली होती. मॉरिस सायकलीवरून मोटारसायकलीकडे वळला, मग लाँगवॉल स्ट्रीटवर गॅरेज काढलं आणि १९१३ मध्ये स्वतःची मोटार बाजारात आणली. मोटारींचा कारखाना वेगळा झाला, तरी विक्रीचा आणि दुरुस्तीचा धंदा ‘मॉरिस गॅरेजेस’ याच नावाने चालू राहिला.

१९२२ मध्ये सेसिल किंबर या गॅरेजचा जनरल मॅनेजर झाला. मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांच्या सांगाड्यावर तो हलक्या, देखण्या बॉडी चढवू लागला. लोकांना त्या आवडल्या. त्या गाड्यांना मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरं मिळाली आणि अक्षरांभोवती अष्टकोन आला. तोच हा एम. जी. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध स्पोर्ट्स गाड्यांपैकी एकीच्या नाकावर शंभर वर्षं ‘गॅरेज’ हा शब्द मिरवतो आहे. आपल्याकडे गॅरेजवाल्याचं नाव बिलबुकाच्या बाहेर जात नाही, आणि बिलबुक तरी कुठे असतं?

किंबरचं पुढे बरं झालं नाही. १९४१ मध्ये त्याला कंपनीतून बाहेर काढलं आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ झालेल्या रेल्वे अपघातात तो गेला. त्याच वर्षी युद्ध संपलं आणि त्याने घडवलेल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून टी. सी. नावाची गाडी निघू लागली. कर्जात बुडालेल्या ब्रिटनला डॉलर हवे होते. जो माल परदेशी विकेल त्यालाच पोलाद, असं सरकारचं धोरण होतं. टी. सी. सुमारे १०,००० बनल्या, सगळ्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. तिच्यामागून आलेली टी. डी. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत बनली: २९,६६४. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन १,२५० सीसीचं, ताकद ५४ अश्वशक्ती, वजन नऊशे किलोच्या आसपास. आजची कुठलीही साधी हॅचबॅक तिला खंडाळ्याच्या घाटात मागे टाकेल. पण जमिनीपासून वीतभर वर बसून, काच पुढे पाडून, साठ मैलांच्या वेगाने जाताना माणसाला जे वाटतं ते हॅचबॅकमध्ये वाटत नाही, असं मामू म्हणायचे. ट्रायल घेण्याच्या निमित्ताने त्यांनी ती सोलापूर रस्त्यावर बरीच पळवली होती.

भारताच्या वाट्याला या गाड्या मोजक्याच आल्या. मुंबईच्या गोदीत उतरून घाट चढून पुण्याला पोचल्या त्या आणखी कमी. छावणीचं गाव, घोड्यांच्या शर्यती, संस्थानिकांचे बंगले, कॅम्पातली पारशी आणि बोहरी व्यापारी घराणी. असल्या गाडीला गिऱ्हाईक होतं ते इथे. पण दार लवकरच बंद झालं. परकीय चलन वाचवायचं आणि गाड्या देशातच बनवायच्या, हे नव्या सरकारचं धोरण. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ज्यांच्याकडे इथेच पूर्ण गाडी बनवण्याची योजना नाही त्यांनी नुसती जोडणी करू नये असं ठरलं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. मोटारी बनवणाऱ्या तीनच मोठ्या कंपन्या उरल्या: हिंदुस्तान, प्रीमियर, स्टँडर्ड. पुढची अनेक वर्षं नवी परदेशी गाडी साध्या माणसाला मिळणं जवळपास अशक्य. वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, तेवढीच एक खिडकी उघडी.

गाडीचं दार बंद झालं म्हणजे सुट्या भागांचंही झालं. पुण्यातल्या मिजेटला आता ना नवा पिस्टन मिळणार, ना पंप, ना गॅस्केट. कागदोपत्री पाहिलं तर १९६० च्या आतबाहेर ती मेलीच असायला हवी होती.

ती मेली नाही, याचं पहिलं कारण नातेसंबंध. माणसांचे नाही, इंजिनांचे.

मिजेटचं इंजिन मुळात स्पोर्ट्स गाडीचं नव्हतंच. मॉरिस टेन नावाच्या घरगुती, पोटापुरतं पळणाऱ्या गाडीचं १,१४० सीसीचं इंजिन घेऊन त्याचे सिलेंडर मोठे केले की मिजेटचं १,२५० सीसीचं इंजिन होतं. मॉरिस टेनच्या सिलेंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर, मिजेटचा ६६.५, पिस्टनची वरखाली धाव दोघांची सारखीच, ९० मिलिमीटर. आणि हीच मॉरिस टेन आपल्याकडे ‘हिंदुस्तान टेन’ या नावाने आली होती. बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला जाण्याआधी गुजरातेत ओखा बंदराला जी पहिली गाडी जोडली ती ही. म्हणजे ऑक्सफर्डच्या त्या नखरेल बाईची साधी, नऊवारीतली थोरली बहीण भारतात आधीच नांदत होती. मुंबईच्या चोर बाजारात, कुर्ल्याच्या भंगारात, पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कुठे हिंदुस्तान टेनचा सांगाडा आला की मामूंना सांगावा यायचा. सगळंच काही बसत नसे. पण जे बसे ते जन्माचं बसे.

पुढच्या गाड्यांचंही असंच. १९५५ मध्ये आलेल्या एम. जी. ए. नावाच्या सुंदर उघड्या गाडीत १,४८९ सीसीचं जे इंजिन होतं, त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन १९५९ च्या सुमारास आपल्या अ‍ॅम्बेसेडरला लागलं. फरक इतकाच की एम. जी. ए.ला दोन कार्बोरेटर आणि अ‍ॅम्बेसेडरला एक. ज्या गाडीतून आपण लग्नाची वऱ्हाडं कोंबून नेली, जिच्या डिकीत बकरी ईदचा बकरा आणला, तिच्या बॉनेटखाली एका ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं काळीज होतं, हे किती जणांना माहीत असेल! मद्रासला १९६१ पासून बनणारी स्टँडर्ड हेरल्ड आणि इंग्लंडची छोटी उघडी ट्रायम्फ स्पिटफायर यांचा सांगाडाही एकाच आईचा. हे सगळं कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे, तर एकाचा भाग दुसऱ्याला लावून पाहत आमच्या मिस्त्रींनी शोधून काढलं.

दुसरं कारण म्हणजे हुनर. इथे जरा थांबतो, कारण एक किस्सा सांगितल्याशिवाय हा शब्द नुसता कौतुकाचा राहील.

मिजेटच्या इंजिनाचा बोल्ट तुटला. शेपूट आत राहिलं. ते काढून मामूंनी मापाने बरोबर आठ मिलिमीटरचा नवा बोल्ट घेतला. दीड फेरा आत गेला आणि अडला. इंग्रजी गाडी, म्हणून मग व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे बोल्ट लावून पाहिले. तेही नाहीत. गंमत म्हणजे बोल्टच्या डोक्याला पाना व्हिटवर्थचाच लागत होता. डोकं इंग्रजी, धड भलतंच. दोन दिवस गॅरेजात हाच विषय. शेवटी पारशी मालकांनी एका जुन्या पुस्तिकेतून उलगडा केला. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना काढला होता. १९२३ मध्ये मॉरिसने तो विकत घेतला आणि तिथेच आपली इंजिनं बनवू लागला. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्लंडमधल्या गॅरेजवाल्यांकडे पाने इंग्रजी, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थची. त्यातही आट्यांची घनता आजच्यासारखी नाही. आठच्या बोल्टला आज सव्वा मिलिमीटरला एक आटा पडतो, यात एका मिलिमीटरला एक. यंत्र बदलायला पैसे लागतात, म्हणून ही खिचडी पुढे तीस वर्षं चालली.

मामूंनी काय केलं, तर भवानी पेठेतल्या एका लेथवाल्याकडे बसून तसे टॅप आणि डाय करून घेतले. पन्नास बोल्ट पाडले, आणि उरलेले एका डब्यात जपले. पुढे पुण्यात कुठल्याही एम. जी.ला बोल्ट लागला तर तो डबा उघडायचा. “गाडी अंग्रेज की, आटे फ्रान्स के. नखरे तो होनेच वाले,” असं ते म्हणायचे.

बॉडीचं काम आणखी वेगळं. टी. डी.चा पत्रा लाकडी चौकटीवर ठोकलेला असतो. इंग्लंडमध्ये ती चौकट अ‍ॅश नावाच्या लवचीक लाकडाची. आपल्या पावसाळ्यांत ती कुजली की टिंबर मार्केटमधून सागवान आणायचं, सुताराने जुन्या तुकड्यावरून नवा कापायचा. त्यावर टिंकर पत्रा बसवणार, पेंटर लांबी घासून ड्यूको मारणार, गादीवाला टप शिवणार, आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडायची उफराटी ब्रिटिश पद्धत लक्षात ठेवून इलेक्ट्रिशियन वायरी ओढणार. नाना पेठ, भवानी पेठ, कॅम्प या दोन-तीन मैलांच्या पट्ट्यात हे सगळे एकमेकांना आवाज देण्याच्या अंतरावर होते.

त्यांच्यात आमची माणसं फार होती. यात अभिमानाइतकंच दुःखाचंही कारण आहे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं आहे की मुस्लिम पुरुष ज्या मोजक्या धंद्यांत एकवटलेले दिसतात त्यांत वाहन दुरुस्ती हा एक. शाळा लवकर सुटते, नोकरीचं दार उघडत नाही, आणि गॅरेजात उस्ताद नववी नापास आहेस का हे विचारत नाही. कल्हईवाल्याच्या मुलाला डाग द्यायचं ज्ञान घरातूनच मिळालेलं; तो रेडिएटरची गळती काढू लागला. ज्याचे आजोबा शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, तो ग्राइंडरवर बसला. ही मी डोळ्यांनी पाहिलेली माणसं आहेत. पिढीजात हुनर इंजिनाच्या काळात असा नवा मालक शोधत गेला. पण उस्तादाकडून शागीर्दाकडे जाणाऱ्या विद्येत कागद नसतो. प्रमाणपत्र नाही, सही नाही. काम उत्तम झालं की गाडी निघून जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही.

याच पुण्यात त्या काळी एक वेगळा प्रयत्नही झाला. बाहेरून गाडी येत नाही ना, मग आपणच बनवू, असं दोन तरुणांनी ठरवलं. त्यातले एक सायरस पूनावाला. वडिलांचा घोड्यांचा स्टड फार्म. मुलाला वाटलं, समाजवादाच्या या काळात शर्यतीच्या घोड्यांना भविष्य नाही. विशीत असताना त्यांनी कॉलेजमधल्या मित्राबरोबर जॅग्वारच्या डी-टाइपवर बेतलेली एक स्पोर्ट्स गाडी बनवली. डी-टाइप म्हणजे १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी उघडी गाडी. चालकाच्या डोक्यामागे माशासारखा पर. मॅल्कम सेयर या विमानांच्या कारखान्यातून आलेल्या माणसाने तिचा आकार गणिताने काढला होता. पुण्यातल्या नमुन्याला खर्च आला सुमारे १२० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सहाशे रुपयांच्या आत. पण कारखाना काढायचा तर भांडवल प्रचंड लागणार, हे लक्षात आल्यावर त्यांनी नाद सोडला. घोड्यांकडे परतले, घोड्यांच्या रक्तापासून मिळणाऱ्या लशीच्या धंद्याकडे वळले, आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढचं जगाला माहीत आहे. मला त्यातला तो सहाशे रुपयांचा आकडा फार बोलका वाटतो. इतक्या पैशांत गाडी होते ती कुणाच्या तरी हातोडीमुळे. पत्रा कुणी वाकवला, सांधे कुणी जोडले, हे त्या गोष्टीत येत नाही. गोष्ट पूनावालांची आहे, त्यामुळे तो काही त्यांचा दोष नव्हे. आपल्याला गोष्टी सांगायची सवयच तशी आहे.

आता पुन्हा त्या लाल गाडीकडे.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, ज्यात मोठे फेरफार झालेले नाहीत अशी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला बंदी. नियम चांगला आहे. नाहीतर जुन्या गाड्यांना भंगाराच्या धोरणाचा धाक होताच. पण ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द मला खटकतात. मेळाव्यांतले परीक्षकही हेच शोधतात. नट कंपनीचा आहे का, कापडाची वीण तीच आहे का, कार्बोरेटर खरा आहे का.

खरं म्हणजे मूळ कुठलं? १९५१ मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या फाटकातून बाहेर पडली त्या सकाळचं? मग पुण्यात तिने काढलेली सत्तर वर्षं म्हणजे डाग, घासून काढायचा. विश्रामबाग वाड्याचं लाकूड कुणी बदललं तर आपण विचारतो, जुनं कुठे गेलं. गाडीच्या बाबतीत जुनं काढून टाकणं हेच कौतुक होतं. जगातल्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ आहे, फिव्हा नावाचा, १९६६ साली स्थापन झालेला. त्यांनी २०१२ मध्ये ट्युरिन सनद मान्य केली. जुन्या इमारतींसाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे तिच्या धर्तीवर. तिचा भर नवं करण्यावर नाही, जपण्यावर आहे. गाडीने वापरात जे आयुष्य काढलं त्याच्या खुणाही तिच्या इतिहासात धराव्यात असा तिचा कल आहे. केलेल्या कामाची नोंद ठेवावी, नवा बसवलेला भाग ओळखू यावा म्हणून त्यावर टिकाऊ खूण करावी, असंही ती सांगते. आपल्याकडच्या मेळाव्यांत या सनदेचं नाव मी अजून ऐकलेलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मिस्त्रींनी केलं ते सगळं सोनं होतं असं नाही. बोटभर जाडीची लांबी भरून कुजलेला पत्रा लपवणारे होते. चांगलं इंजिन काढून टॅक्सीचं डिझेल इंजिन ठोकणारे होते, कारण मालकाला पेट्रोल परवडत नव्हतं. डॅशबोर्डला भोक पाडून कॅसेट प्लेअर बसवलेला तर मीच पाहिला आहे. असल्या गाडीला हात लावताना आताच्या कार्यशाळेने कपाळाला हात मारला तर मी त्यांच्याच बाजूचा. इंग्लंडमध्ये आजही मिजेटचे बहुतेक भाग नवे बनतात, घरबसल्या मागवता येतात. ते लावले की गाडी सुरक्षित होते, भरवशाची होते. मालकांनी सत्तर वर्षांची गाडी वाचवली, खिशातून पैसे घातले. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

मी त्यांना एवढंच विचारलं, काढलेले भाग कुठे आहेत? बरेचसे भंगारात गेले होते. सागवानाची चौकट गेली, बोल्ट गेले. “एक पेटी आहे बहुतेक,” ते म्हणाले, आणि पुढच्या रविवारी मला घरी बोलावलं.

त्या पेटीत मी जे शोधत होतो त्याची थोडी पार्श्वभूमी. मिजेटला दोन एस. यू. कार्बोरेटर असतात. एस. यू. म्हणजे स्किनर युनियन. हे स्किनर बंधू बुटांच्या व्यापारातल्या घराण्यातले, आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता! पुढे त्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिनाने हवा ओढली की पिस्टन वर उचलतो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर येते आणि हवेच्या मानाने पेट्रोल सुटतं. इतकं साधं यंत्र. खराब होतं ते एकाच जागी. हवेची झडप ज्या बारीक दांडीवर फिरते, त्या दांडीची भोकं वर्षानुवर्षं घासून लांबट होतात. तिथून चोरवाटेने हवा शिरते, आणि गाडी एका जागी उभी असताना खोकायला लागते. कंपनीचा उपाय होता नवा कार्बोरेटर घेणं. पुण्यात १९७४-७५ मध्ये तो आणणार कुठून? मामूंनी अ‍ॅल्युमिनियमची ती भोकं रुंद केली, लेथवर पितळी बुश काढले, हलक्या हाताने आत बसवले आणि त्यात दांडी अशी फिरवली की वारा जायला जागा उरली नाही. मग रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाला लावून, दोघांच्या श्वासाचा आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत बसले. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. नळी माझ्याही कानाला लावली होती. शंख कानाला लावल्यासारखा आवाज येत होता.

कोणता भाग कुठे बसतो हे चुकू नये म्हणून सगळेच मिस्त्री पंचने ठिपके मारतात. मामूंची खूण तीन ठिपक्यांची होती, त्रिकोणात.

मालकांनी पेटी उघडली. वर जुनी वायर, एक फुटलेला दिवा, डायनॅमोचं झाकण. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन्ही कार्बोरेटर. मी एक हातात घेतला, अंगठ्याने काळं पुसलं. करड्या अ‍ॅल्युमिनियममध्ये पिवळं कडं, जेमतेम चण्याएवढं, आणि त्याच्या शेजारी तीन ठिपके. पन्नास वर्षांनंतरही दांडी हलत नव्हती, फक्त फिरत होती.

मालक बराच वेळ ते पाहत होते. मग त्यांनी मामूंचं पूर्ण नाव विचारलं, फोनमध्ये लिहून घेतलं आणि आडनावाचं स्पेलिंग पुन्हा एकदा विचारलं.